रंग ओला होता म्हणून

मागच्या आगमनकाळातली गोष्ट आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्या घरात माझ्या लहानपणापासून पाळले जातात. टेबलावर हिरव्या पानांचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. हे वाट पाहण्याचे दिवस, असं आई सांगायची. मी मात्र कित्येक वर्षं या दिवसांतही फक्त संध्याकाळ कधी होते याची वाट पाहत होतो. मला दारूची सवय होती. ‘होती’ लिहिताना अजूनही हात अडखळतो.

पहिल्या रविवारी मी घरात सांगितलं, की आता घेणार नाही. माझी बायको ब्रिजिट कड्यातली पानं सारखी करत राहिली. असे शब्द तिने पुष्कळदा ऐकले होते. मुलगी सेलिन मेणबत्ती पेटवायला काडी हातात धरून उभी होती. ती म्हणाली, “पप्पा, या वेळेस मी आशा धरू का? तेवढंच सांग. नको असेल तर आत्ताच सांग, मला चालेल.” पहिली मेणबत्ती आशेची असते. मी मान हलवली आणि तिने काडी ओढली. पण ते ‘मला चालेल’ माझ्या छातीत रुतून बसलं. आपल्या लेकीला आशेशिवाय राहायची सवय झाली आहे, आणि ती आपण लावली आहे, हे कुठल्या बापाला ऐकवेल?

पहिला आठवडा कसाबसा निघाला. सकाळी चर्चमध्ये मिस्सेची उपासना, संध्याकाळी ऑफिसातून सरळ घर. दुसऱ्या आठवड्यात घसा सारखा कोरडा पडू लागला, हात थरथरू लागले. प्रार्थनेला बसलो की शब्द तोंडातच राहायचे. इतकी वर्षं एकच मागणं मागतोय, ऐकणारा कोणी आहे तरी का, असं मनात यायचं. मग असं मनात आलं म्हणून आणखी अपराधी वाटायचं.

आमच्या चर्चमध्ये नाताळला गोठ्याचा देखावा मांडतात, त्यातला बाळ येशू रंगवायला दिला होता. पावसात त्याचा रंग उडून नाकाचा टवका निघाला होता. दहिसरला नदीजवळ एक गणपतीचे मूर्तिकार राहतात, त्यांना सगळे नाना म्हणतात. गणपतीचा हंगाम संपला की ते अशी कामं घेतात. ‘रविवारी घेऊन जा’ असा त्यांचा निरोप आला, तेव्हा फादरांनी विचारलं, कोण जाईल? मी हात वर केला. सगळ्यांना कौतुक वाटलं. खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. तिथून थोड्या अंतरावर, चेकनाक्याकडे, एक बार आहे. आमच्या बोरिवलीच्या गावठाणातलं कोणी तिथे फिरकत नाही. आणि रविवारपर्यंत धीर निघेना, म्हणून मी शनिवारी दुपारीच निघालो. सोबत कापडी पिशवी आणि जुना टॉवेल घेतला. बाळाला टॉवेलात गुंडाळायचं, पिशवीत घालायचं, पिशवी बारच्या टेबलाखाली ठेवायची. हे सगळं मी शांतपणे ठरवलं होतं. लिहिताना मान खाली जाते.

नाना मला बघून वैतागले. “रविवारी ये म्हणान सांगलेलंय ना तुका? आज कित्याक इलंस?”

“फादर वाट बघतायत, नाना. आजच पाहिजे म्हणाले.” खोटं किती सहज निघालं तोंडातून.

“फादराक सांग, रंग माझा आयकत नाय.” पुटपुटत त्यांनी फळीवरून बाळाला उचललं. हातभर लांबीची मूर्ती, दोन्ही हात पसरलेले, गाल ताजे गुलाबी. मी पिशवी उघडली तसे ते ओरडलेच, “रे, पिशवी कसली काढतंस! रंग ओलो आसा, सगळो पुसान जायत. पाठ सुकली आसा, थंय धर. दोन्ही हातांनी. तान्ह्या पोराक धरतत तसो. आणि खाली खंय ठेव नको.”

मी हात पुढे केले. ते थरथरत होते. नानांनी ते पाहिले. आता हे मूर्ती परत घेणार, असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरां आसत?”

“एक मुलगी.”

“मग येता तुका,” असं म्हणून त्यांनी बाळ माझ्या हातांवर ठेवलं आणि ते आपल्या कामाला लागले. त्यांना काय ठाऊक, की सेलिन तान्ही असताना संध्याकाळनंतर ब्रिजिट तिला माझ्याकडे देत नसे. मूल कसं धरायचं, ते मला येत नव्हतं.

बाळाला घेऊन मी रस्त्यावर आलो. रस्त्यात गर्दी होती, पण माणसं बाजूला होत होती. एक भाजीवाली आपल्या पोराला म्हणाली, “सरक रे, काकांच्या हातात बाळ आहे.” मी घराकडे वळलो असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी वळलो नाही. पाय बारकडेच गेले.

दार ढकलायला हात मोकळा नव्हता. मी खांद्याने ढकलू लागलो, तेवढ्यात ओळखीच्या वेटरने आतून उघडलं. “अरे साहेब! आहात कुठे? या, या, कोपऱ्यातलं टेबल…” आणि त्याची नजर खाली गेली. “हे काय घेऊन आलात?”

“बाळ येशू आहे. रंग ओला आहे. जरा धरतोस का?”

तो दोन पावलं मागेच सरला. “नाही हो साहेब! देवाला घेऊन इथे? शेठ हाकलेल मला. आणि माझे हात बघा, सगळे चकण्याचे.” मग आवाज उतरवून म्हणाला, “आधी घरी पोचवा त्याला. बार काय पळून चाललाय?” आणि त्याने हळूच दार लावून घेतलं.

मी त्या बंद दारासमोर उभा राहिलो. नकळत माझी पकड घट्ट झाली आणि बाळाच्या डाव्या टाचेवर माझा अंगठा रुतला. ओल्या रंगात स्पष्ट ठसा उमटला. येशूच्या जन्माच्या रात्री त्याच्या आईवडिलांना जागा नाकारणाऱ्या उतारशाळेच्या मालकाचा मला लहानपणापासून राग यायचा. त्या दिवशी बाळाला माझ्यासमोर जागा नाकारली गेली आणि मी वाचलो. बाळ पिशवीत असतं तर कोणाला दिसलं नसतं. मी रविवारी आलो असतो तर रंग सुकलेला असता. यातलं काहीच मी जुळवून आणलं नव्हतं. मी तर सगळं उलटच ठरवलं होतं.

शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. “काका, कुठे सोडू?”

“बोरिवली. पण पाकीट काढता येणार नाही रे, हात गुंतलेत.”

“बसा हो. घरी पोचल्यावर द्या.” तो पोटुशी बाई बसवल्यासारखा हळू चालवत होता. “खड्डा आलाय, सांभाळा हां,” असं प्रत्येक वेळी आधी सांगायचा. मागे बसून मी रडत होतो, आणि डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते.

रिक्षावाल्याने दारात हॉर्न वाजवला, तशी भाडं द्यायला सेलिन बाहेर आली. ती बाळाला पाहायला वाकली, पण मला ठाऊक होतं ती काय करतेय. दारात माझा वास घेणं ही तिची जुनी सवय आहे. ती क्षणभर तशीच थांबली. मग आत वळून मोठ्याने म्हणाली, “आई, पप्पा आलाय गं! बाळाला घेऊन आलाय!” तिचा तसा आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

त्याच संध्याकाळी मी दोघींना सगळं सांगितलं, पिशवी आणि टॉवेलसकट. ब्रिजिटने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मी येते बरोबर.” दुसऱ्या दिवशी पापनिवेदनाला बसलो तेव्हा फादरांनाही सांगितलं आणि विचारलं, नानांकडून टाच पुन्हा रंगवून आणू का? फादर म्हणाले, “राहू दे. तू त्याला धरलं होतंस, एवढंच दिसतं त्यातून.”

नाताळच्या मिस्सेनंतर सगळे रांगेने येऊन बाळाच्या पायाचं चुंबन घेतात. बाळाला धरून उभं राहायचं काम फादरांनी मला दिलं. मी पाठीखाली हात घालून धरलं, तान्ह्या पोराला धरतात तसं. रांगेत सेलिन आली. तिने ठसा शोधला आणि नेमकं त्याच टाचेवर ओठ टेकले.

मी जिंकलो असं म्हणत नाही. आता पुन्हा आगमनकाळ आला आहे आणि संध्याकाळी घसा अजूनही कोरडा पडतो. पूर्वी मी देवाकडे बळ मागायचो. ते मला मिळालं की नाही, हे अजून कळलेलं नाही. आता मी सकाळी उठल्यावर एवढंच म्हणतो, आज माझ्या हातांत काहीतरी दे, जे खाली ठेवता येणार नाही. आणि रोज काही ना काही मिळतं. काल सेलिनने काड्यांची पेटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “या वर्षी पहिली मेणबत्ती तू लाव.”