डाव्या हाताची वेचणी

आमच्या पथकात हात मिळवायचा तो डावा. गाइडच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याची कथा सांगितली होती. आफ्रिकेतल्या कुठल्याशा राजाने म्हणे भेटीला आलेल्या गोऱ्या सैनिकापुढे डावा हात केला. ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून जो हात देतो तोच खरा शूर. कथा खरी की रचलेली, देव जाणे. मी मात्र पार भारावून गेले होते.

त्या वर्षी आर्णीकडच्या शेतांत पहिल्याच बोंडांत अळी निघाली. बाबा कोणाशी धड बोलत नव्हते, आणि मला ऐन वेचणीत शिबिराला जायचं होतं. मॅडम परवानगी मागायला थेट शेतात आल्या, त्याही नेमक्या सीतादहीच्या दिवशी. पहिल्या वेचणीआधी शेताच्या धुऱ्यावर दगड मांडून आम्ही कापसाच्या पऱ्हाटीला दहीभात दाखवतो, ती पूजा चालली होती. मॅडम दिसताच मी उठले आणि सवयीने डावा हात पुढे केला.

"लक्षुमीपुढं डावा हात?" बाबा कडाडले.

मी राजाची कथा सांगितली.

"त्या राजाले कापूस पेरा लागत नसन!"

माझंही डोकं फिरलं. "वेचाले तं दोन्ही हात लागते न बाबा? तवा डावा चालते, मंग आताच काहून नाही?"

"असं? तं आज दिवसभर डाव्यानंच वेच. उजवा लावला तं शिबिराचं नाव काढू नको."

ते मॅडमना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मी उजवा हात ओढणीने कमरेला बांधला आणि वेचायला माझा तास, म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ, धरला. किडलेलं बोंड नीट उमलत नाही, त्यातला कापूस कोरून काढावा लागतो. वाळलेली टोकं नखात शिरत होती. वेचणाऱ्या बाया हसत होत्या. हसा म्हटलं, शिबिराला तर मी जाणारच.

संध्याकाळी बाबांनी ओढणीची गाठ सोडली आणि माझी रक्ताळलेली बोटं पाहिली.

"मले वाटलं, दुपारीच सोडशील."

"अन् सोडली असती तं?"

"तरी धाडलंच असतं वं. मॅडमले सकाळीच हो म्हटलं मी."

मला इतका संताप आला, की दिवसभर आवरलेलं रडू तिथेच फुटलं.