पाच किलोमीटर जवळ आलेलं फाटक

अर्नी पास्कोचा देवावर विश्वास होता की नाही ठाऊक नाही, पण गाडीच्या मीटरवर होता. सव्वीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो आमच्या वॉरिंगी गावातून टपालाच्या पिशव्या घेऊन लाल धुळीत निघायचा. आमच्याकडे घरांना पत्ते नसतात, किलोमीटरचे आकडे असतात. गुरं ओलांडू नयेत म्हणून गावाबाहेर रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीपासून अठरावर हॅनरहनबाईंची पेटी. बासष्टवर क्लेम व्हिटेकरचं फाटक, आणि फाटकाशी टपालासाठी उभा केलेला मोडका फ्रीज. क्लेम म्हणजे अर्नीचा चाळीस वर्षांचा दोस्त. अर्नीची बायको गेल्यापासून टपालाच्या दिवशी एवढ्या लांबून गावात येऊन त्याच्या कोंबड्यांना दाणे क्लेमच टाकायचा. दाणे असत शेडमध्ये, डिझेलच्या पिंपाशेजारी, म्हणून शेडची दुसरी किल्ली क्लेमकडे.

मार्चमध्ये अर्नीच्या टायरवाल्या पुतण्यानं गळ घातली. "काका, टायर एक माप मोठे घाल. गाडी वाळूत रुतणार नाही, आणि डिझेल वाचेल ते वेगळंच!"

माझ्या टपरीवर चहा पिताना क्लेम म्हणाला, "म्हाताऱ्या, घोड्याला उंटाचे पाय लावतोयस."

अर्नीनं लावले. गाडी दिमाखदार दिसायला लागली, पण चढावर कण्हायला लागली. एके दिवशी तो हॅनरहनबाईंवर घसरला, "बाई, पेटी का सरकवलीत? साडेसोळावरच आली!"

"अरे बाबा, मला माझी कंबर सरकवता येत नाही, पेटी काय सरकवतेय!"

तिथंच थांबून त्यानं डोकं खाजवलं असतं तर बरं झालं असतं. पण क्लेमचं फाटकही बासष्टऐवजी सत्तावन्नवर यायला लागलं होतं, आणि डिझेलचं पिंप आठवडाभर आधीच आटलं होतं. मीटरप्रमाणे गाडी पळाली कमी, डिझेल संपलं जास्त, म्हणजे कुणीतरी काढतंय. आणि किल्ल्या दोनच. अर्नीनं कुणाला न सांगता शेडचं कुलूप बदललं.

मंगळवारी क्लेमची किल्ली फिरलीच नाही. बुधवारी तो टपरीवर आला. अर्नी बसलेलाच होता.

"डिझेलचा चोर पकडलास म्हणे?"

क्लेमनं त्याच्यापुढचा चहाचा कप बाजूला सारला.

"चल बाहेर."

क्लेमनं अर्नीच्या गाडीत मागे पडलेला जुना टायर काढला, त्यावर खडूची खूण केली, जमिनीवर रेघ ओढली आणि तिथून एक फेरी गडगडवला. मग नव्या मापाच्या स्टेपनीची एक फेरी, त्याच रेघेपासून. नवा वीतभर पुढे गेला.

"मीटर फेऱ्या मोजतं, अर्नी, वाट नाही. टायर मोठा, फेऱ्या कमी, म्हणून आकडा कमी. आणि हे धूड फिरवायला इंजिन डिझेल ढोसतं. चोर चार आहेत, चारही तुझ्याच गाडीखाली."

"मग आधी सांगायचंस ना, लेका!"

"विचारायचंस तरी. तू कुलूप आणलंस."

अर्नीनं दुसऱ्याच दिवशी जुने टायर चढवले, जुनं कुलूपही लावलं. शुक्रवारी मला आग्रहानं शेजारी बसवून नेलं. फाटक आलं, मीटरवर बरोब्बर बासष्ट. "बघ!" म्हणत पोरासारखा उडी मारून उतरला आणि टपाल ठेवायला त्यानं फ्रीज उघडला.

आत मुरंब्याची धुतलेली बरणी होती. बरणीत शेडची किल्ली, क्लेमकडे असायची ती.

त्यानं ती काढून मुठीत धरली. मागे इंजिन चालू होतं, आणि डिझेल जळतंय याचं त्याला भान नव्हतं.