डबिंगला मामांचा विरोध

कुणाशी तरी मतभेद झाल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या सासरच्या नात्यात निघाला. माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा. लग्न केलेलं नव्हतं, डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत एकटे राहायचे, आणि एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांचे नकाशे काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असायची. मला बघायला आले तेव्हा आमच्या कळव्याच्या घरात सगळे पोह्यांच्या बशा घेऊन बसलेले, मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि हे उठून सरळ भिंतीकडे गेले. आजोबांचा फोटो डावीकडे कलला होता. तो त्यांनी नीट केला, एक डोळा मिटून खात्री केली आणि जागेवर येऊन बसत म्हणाले, "हं, आता विचारा मुलीला काय ते." त्यानंतर कुणाला काही विचारायचं सुचलंच नाही, आणि लग्न जमलं.

कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी मामांच्या हातात माउस दिला. "रेघ ओढायची असते, ढकलायची नसते," असं सांगून मामांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि विठ्ठलवाडी-उल्हासनगरकडून येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायला लागले. हाताने काढलेल्या रेघेवरच्या याच प्रेमापोटी त्यांना जपानी चित्रमालिकांचं वेड लागलं. फार पूर्वी कल्याणच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून त्यांनी कुठला तरी मराठी सिनेमा म्हणून कॅसेट आणली आणि आत निघाली दीपगृहात राहणाऱ्या बहीणभावाची जुनी जपानी मालिका. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. मामांनी ती कॅसेट सात वेळा पाहिली आणि लायब्ररीवाल्याशी भांडले, ते चुकीची कॅसेट दिली म्हणून नव्हे, तर पुढचे भाग ठेवत नाही म्हणून. पुढे इंग्रजी सबटायटल असलेल्या सगळ्या बावन्न भागांच्या डिस्क त्यांनी परदेशातून मागवल्या. त्या मालिकेचं जपानी नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही, आमच्या घरात तिला 'दीपगृह'च म्हणतात. कार्टून म्हटलेलं मामांना खपत नसे. तो शब्द ज्याच्या तोंडून निघाला त्याला त्या दिवशी चहा मिळत नसे. रोज दुपारी चार वाजता पडदे ओढून एक भाग बघायचा, बघताना बोलायचं नाही, पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखाही बंद. एकदा गळका नळ बघायला आलेला प्लंबर नेमका चारला आला. मामांनी त्याला खुणेने खुर्ची दाखवली. पूर्ण भाग होईपर्यंत तो पाना मांडीवर ठेवून घामाघूम होत बसला. नळ तसाच राहिला, पण पुढच्या गुरुवारी प्लंबर पुन्हा आला, पाना न घेता.

अशा माणसाला इंटरनेट मिळालं. जुन्या अ‍ॅनिमेच्या, म्हणजे अशा जपानी चित्रमालिकांच्या, चाहत्यांचा एक जागतिक गट होता, पोलंडपासून फिलिपिन्सपर्यंतची माणसं त्यात होती, आणि मामा तिथे 'टी-स्क्वेअर' या ड्रॉइंगच्या पट्टीच्या नावाने वावरत. इंग्रजी कारखान्याच्या पत्रव्यवहारातलं. समोरच्याने नुसतं 'हा भाग आवडला' लिहिलं तरी यांचं उत्तर 'विथ रेफरन्स टू युवर मेसेज ऑफ यस्टरडे' पासून सुरू व्हायचं आणि खाली क्रमवार मुद्दे. कुठल्या दृश्यात कंदिलाची सावली चुकीच्या बाजूला पडली आहे हे त्यांना पाठ होतं. गटातली तरणीताठी मंडळी त्यांना अदबीने सर म्हणत. आमच्या नात्यात त्यांना एवढा मान कुणी दिलेला नव्हता.

मग त्या गटात वाद पेटला. 'दीपगृह'चे हक्क असलेल्या परदेशातल्या एका छोट्या कंपनीने कळवलं की चाहते वर्गणी जमवणार असतील, तर आम्ही सगळी मालिका इंग्रजीत डब करू. काहींना आनंद झाला. लहान मुलं बघतील, स्वयंपाक करता करता ऐकता येईल, मालिका पुन्हा चार लोकांत जाईल. मामांना हा सरळ सरळ दरोडा वाटला. "गणपतीची वर्गणी मी देतो, कारण आरती बदलत नाहीत," ते मला म्हणाले. "इथे माणसाचा गळा काढून दुसरा बसवणार, आणि त्याला वर्गणी मागतात." रोज त्यांचे मुद्दे पडू लागले. जमतील ते पैसे जुनी प्रिंट स्वच्छ करायला वापरा, सबटायटल सुधारा, आवाजांना हात लावू नका. सात महिने हे चाललं. मी शनिवारी डबा घेऊन कळव्याहून जायचे तेव्हा जेवताना आठवड्याच्या लढाईचं वृत्त ऐकायला मिळे.

एका शनिवारी ते फार खुशीत होते. कॅनडातल्या एका बाईने लिहिलं होतं की ती ग्रंथालयात काम करते, तिच्या वडिलांची ही आवडती मालिका, पण आता त्यांना दिसत नाही. डबिंग झालं तर ते पुन्हा ऐकू शकतील. मामांनी उत्तर दिलं होतं, ते त्यांनी मला मराठी करून ऐकवलं. "एखाद्याला नकाशा वाचता येत नाही, म्हणून कारखाना नकाशा बदलत नसतो."

मी वाढता वाढता थांबले. "मामा, तिचे वडील आंधळे झालेत हो."

"त्याचं मला वाईट वाटतं. पण तो मुद्दा नाही."

त्या बाईने पुन्हा काही लिहिलं नाही. मतदान झालं, गट मामांच्या बाजूने झुकला, आणि कंपनीने विषय बंद केला. मामांनी आम्हाला श्रीखंड खाऊ घातलं.

त्यानंतरच्या वर्षभरात मला काही गोष्टी खटकत होत्या. ड्रॉइंगची मुलं यायची बंद झाली होती. कप टेबलाच्या कडेला ठेवला जाई. त्यांच्या घरातलं कॅलेंडर तिरकं लटकत होतं आणि त्यांनी ते तसं राहू दिलं होतं. विचारलं की म्हणायचे, "वय झालं, भांडायचा कंटाळा येतो." एका शनिवारी मी नेमकी चारला पोचले. मामा टीव्हीसमोर ताठ बसलेले. मीही गप्प बसले आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की खालच्या सबटायटलचं मला काहीच कळत नाहीये. चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं होतं आणि अक्षरं स्पॅनिश येत होती.

"मामा, खाली स्पॅनिश आलंय."

ते हलले नाहीत. "माहितेय," म्हणाले. मग टीव्हीकडेच तोंड ठेवून, "कधीपासून आलंय गं?"

ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर काही वर्षांपासूनच जात असणार, आता मधलीही फारशी उरलेली नाही, आणि गेलेली परत येत नाही. म्हणजे त्या लढाईचे मुद्देही ते डोळे बारीक करकरून लिहीत होते. माझ्या नवऱ्याने कळव्याला राहायला चला म्हणून खूप विनवलं. मामांनी पाच मुद्द्यांत नकार दिला.

पुढच्याच शनिवारी त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला आणि गटासाठी मजकूर सांगितला. आपण डबिंगच्या बाजूने आहोत, कंपनीला पुन्हा विचारावं. मी म्हटलं, "डोळ्यांचं लिहिते ना?"

"नाही. मुद्दा मांड. दया मागू नकोस."

कारण न कळल्यामुळे गटाने त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यांचीच जुनी वाक्यं काढून त्यांना चिकटवली. कुणी म्हणालं, सरांना कंपनीने विकत घेतलं. मला ते सगळं वाचून दाखवावं लागत होतं. एकही शब्द गाळायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. वाचून झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, जो आता कशासाठी लावत होते कोण जाणे, आणि म्हणाले, "त्या कॅनडाच्या बाईला वेगळं लिही. तिला खरं कारण सांग. नकाशाचं वाक्य मी बोललो ते चुकीचं होतं, असं लिही. सुरुवातीला ते विथ रेफरन्स वगैरे नको."

बारा दिवसांनी तिचं उत्तर आलं. वडील गेले होते. मामांच्या त्या वाक्यानंतर तिने रागाने ठरवलं की डबिंग आपणच करायचं, आणि रोज संध्याकाळी वडिलांशेजारी बसून सबटायटल मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आठवण म्हणून ते फोनवर रेकॉर्ड करत गेली. एकतीस भाग झाले आणि वडील गेले. पुढचे तिने स्वतःही पाहिलेले नव्हते. ती एकतीस रेकॉर्डिंगं तिने मामांना पाठवली होती. 'तुम्हाला उपयोग होईल,' एवढंच लिहिलं होतं.

आम्ही पहिलं लावलं. खुर्चीची करकर, कपात फिरणारा चमचा, मागे ओळखीचे जपानी आवाज आणि त्यावर घाईघाईने वाचणारी ती बाई. बहीण, भाऊ, खलाशी, म्हातारा रखवालदार, सगळे एकाच ग्रंथपालाच्या आवाजात. मामा मान खाली घालून ऐकत होते. "वाचते बरी," म्हणाले. "स्वल्पविरामाला थांबत नाही." तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये एक म्हातारा थकलेल्या आवाजात विचारतो, तिथे पाऊस पडतोय का? आणि ती सांगते, हो बाबा, पडतोय, आणि दोघांकडे छत्री नाही.

मामांनी मला तेवढंच परत लावायला सांगितलं. तीनदा. मग म्हणाले, "पाऊस सबटायटलमध्ये नसतो. तो तिने बघून सांगितलाय."

दर शनिवारी तीन-चार असे दोन महिने ते एकतीस भाग पुरले. ज्या संध्याकाळी एकतिसावा संपला त्या संध्याकाळी ते अस्वस्थपणे खोलीत चाचपत फिरत राहिले. "एकतीसवर सोडलं? खरी मालिका तर बत्तिसाव्यात सुरू होते. भाऊ परत येतो ती होडी बघितलीच नाही पोरीने." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या फोनवर आवाज भरता येतो ना?"

पुढचे पाच महिने दर शनिवारी मामांनी तिला एकेक भाग सांगितला. टीव्ही बंद. समोर काहीच नाही. पाठ असलेलं चित्र ते आठवून आठवून इंग्रजीत सांगायचे. होडीचा कोन, शिडाची घडी, मुलीच्या केसांची कुठली बट वाऱ्याने उडते. संवाद आला की आवाज बदलायचे, मुलीचा आवाज काढताना स्वतःच संकोचायचे. एखादी सावली आठवली नाही की रेकॉर्डिंग थांबवून दहा मिनिटं बसून राहायचे, पण अंदाजाने काही सांगायचे नाहीत. ती दर सोमवारी उत्तर द्यायची. कधी शंका विचारायची, कधी सरळ वाद घालायची. तिचा वाद आला की मामा पोळी जास्त खायचे.

बावन्नावा भाग त्यांनी गेल्या माघात सुरू केला. पहिल्या दृश्यात नुसता पहाटेचा समुद्र आहे. त्या दिवशी ते समुद्रावरून पुढे सरकेनात. लांबची रेघ आधी, मग जवळची, तिला पेन्सिल किती दाबली असेल, पाणी निळं नाही, करडं आहे, आणि त्यात एकच पांढरी जागा मुद्दाम न रंगवता ठेवली आहे. अकरा मिनिटं झाली तेव्हा ते थकून म्हणाले, "बस आज. बाकीचं पुढच्या शनिवारी." बुधवारी दुपारी शेजारच्या वहिनींचा फोन आला. खुर्चीतच गेले होते.

ती अकरा मिनिटं मी बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाठवली. सोबत काय लिहावं कळेना, म्हणून एवढंच लिहिलं की मामा आता नाहीत. तिचं उत्तर चारच ओळींचं होतं. तिच्याकडे शेवटच्या भागाची डिस्क आहे, कधीही लावता येईल. पण समुद्र इतका सावकाश कुणी दाखवला नव्हता, तेव्हा सध्या ती तिथेच थांबली आहे.

मीही शेवटचा भाग पाहिलेला नाही. डोंबिवलीची खोली आम्ही अजून सोडलेली नाही, महिन्यातून एकदा झाडायला जाते. मागच्या खेपेला काम झाल्यावर बसले थोडा वेळ. ऊन सरकत सरकत त्यांच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत आलं. मग खिडक्या लावल्या आणि घरी आले.