आबांची पाण्याची गोळी

देवळात मी हात जोडायचो, ते आईला बरं वाटावं म्हणून. आत काही हलायचं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. वडील, म्हणजे आमचे आबा, चाकणच्या बाजारात कांद्याची पोती वाहायचे. मला मात्र त्यांनी एकाही पोत्याला हात लावू दिला नाही. "तू नुसतं वाच," म्हणायचे. मी वाचलं, आणि माणसानं नीट वाचलं, नीट लक्ष दिलं तर देवाला मध्ये घ्यायचं कारण पडत नाही, असं माझं ठाम मत झालं. त्या मताचं काय झालं ते लिहितोय. यात कुणाला चमत्कार दिसला तर दिसो, न दिसला तरी माझी तक्रार नाही.

चार वर्षांपूर्वी आबांचं हृदय अशक्त झालं, छातीत पाणी भरलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी रोज सकाळी लघवी जास्त होण्याची एक गोळी लावून दिली. घरात तिला आम्ही पाण्याची गोळी म्हणायचो. "ही चुकवायची नाही," असं त्यांनी मला बजावलं होतं. मी चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे चेकलिस्टमधला एक चौकोन रिकामा राहिला तरी अख्खा माल थांबतो. तसाच तक्ता मी आबांसाठी बनवला आणि फ्रिजवर लावला. रोज गोळी, रोज बरोबरची खूण. चार वर्षांत एक चौकोन रिकामा नाही. घरी आलेल्या पाहुण्याला मी तो तक्ता दाखवल्याशिवाय सोडत नसे, हेही कबूल करतो.

यंदा थंडीच्या सुरुवातीला आबांच्या पायाला गोठ्यातला गंजका पत्रा लागला. हळद भरली, फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला, हुडहुडी भरली आणि आबा भलतंच बोलायला लागले. गावातून निघून चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत तासभर अडकलो, तेव्हा मागच्या सीटवर आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन भैरवनाथाचं नाव घेत होती. चिंचवडच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इन्फेक्शन रक्तात गेलंय, बीपी उतरतंय. आईनं पदराच्या गाठीतून भैरवनाथाचा अंगारा काढून आबांच्या कपाळाकडे हात नेला. मी सिस्टरसमोर म्हणालो, "आई, हे असलं इथं नको." तिचा हात तसाच मागे गेला.

सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, सगळी औषधं आमच्याकडून जातील. मी ऐकलं होतं. डॉक्टरांच्या राउंडला नातेवाइकांना बाहेर काढतात, त्यामुळे आत काय ठरतं ते मला कळायचं नाही. दुसऱ्या सकाळी सिस्टरच्या ट्रेमध्ये पाण्याची गोळी दिसली नाही. इकडे सलाईनवर सलाईन चाललेलं, आणि आबांचा हात सुजल्यासारखा वाटत होता. छातीत पुन्हा पाणी भरलं तर? सिस्टरला विचारलं. "डॉक्टरांना विचारून सांगते," म्हणाली आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट दगावत होता तिकडे धावली. माझ्या बॅगेत त्या तक्त्याची घडी होती. आजचा चौकोन रिकामा होता. माझी खात्री झाली की हे लोक विसरले. मी थांबलो नाही. घरची गोळी काढली, दोन घोट पाण्याबरोबर आबांना दिली आणि खूण केली. त्याच्या पुढच्या सकाळीही दिली.

पहिल्या गोळीनंतर नळीला लावलेली लघवीची पिशवी भराभर भरली. मला अभिमान वाटला. पण संध्याकाळपासून आबांचे ओठ पांढरे पडले, जीभ लाकडासारखी झाली. दुसऱ्या दिवशी बीपी आणखी खाली, आणि डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की किडनी बंद पडायला लागलीय, कारण नीट उलगडत नाहीये, डायलिसिसची तयारी ठेवा, वाचतीलच असं सांगू शकत नाही. आई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला मोठ्या आवाजात किडनी कशी काम करते ते समजावत होतो. त्या वेळी दुसरं काही येत नव्हतं मला.

त्याच्या पुढच्या सकाळी तिसरी गोळी पाकिटातून काढून मुठीत घेतली, तेवढ्यात पिशव्या ओतणाऱ्या मावशी आल्या. पन्नाशीच्या, कमरेला नॅपकिन खोचलेला. पिशवीकडे बघून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दादा, सकाळचं काय देता व्हय म्हाताऱ्याला?"

"काही नाही."

"दोन दिस बघते मी. सकाळी पिशवी भरभरून वाहती आन् दुपारपासनं ठणठणीत कोरडी. सिस्टर आठ तासांची एकदम लिवती, तिला त्यातलं दिसत न्हाई. पिशवी मी ओतते, मला दिसतं. अशी पिशवी गोळीनंच भरती."

"मावशी, मी शिकलेलो आहे. मला कळतं काय द्यायचं ते."

"म्हंजी देता," मावशी म्हणाल्या. "मग मुठीत काय, परसाद हाय का?"

माझी मूठ घट्टच होती. मावशी पिशवी रिकामी करून जायला निघाल्या, मग थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्या सांगितलं तर कुणी माझं ऐकायचं न्हाई. तुमी जावा. आत्ता जावा. लाज उद्या वाटू द्या."

डॉक्टरीणबाई समोरच्या टेबलाशी लिहीत होत्या. वयाने माझ्याहून लहान. दहाबारा पावलांचं अंतर, पण मला ते तोडवेना. सांगितलं तर आईला कळणार, गावाला कळणार, की शिकलेल्या पोरानं बापाला असं केलं. आणि न सांगावं तर आबा जाणार. सरळ गोष्ट होती, तरी पाय उचलत नव्हता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर देवाला हाक मारली. आबांना वाचव असंही म्हणालो नाही. म्हटलं, भैरवनाथा, माझं तोंड उघड. बस, एवढंच. आणि पाय चालले. कसे चालले ते मला आजही सांगता येत नाही.

मी सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"किती वेळा?"

"दोनदा. तिसरी हातात आहे."

त्यांनी हात पुढे केला, मी गोळी त्यावर ठेवली. घामानं ती विरघळायला लागली होती. "ती गोळी मी मुद्दाम बंद केली होती," त्या म्हणाल्या. "इन्फेक्शनमध्ये त्यांचं अंग आतून कोरडं पडलंय. लघवी होतेय म्हणजे पाणी पुरतंय असं समजून आम्ही सलाईन कमी केलं. ती लघवी तुमच्या गोळीची होती." मी काहीतरी बोलायला गेलो. "आता तुमच्यावर ओरडू की पेशंटकडे बघू? बाजूला व्हा."

सलाईन पुन्हा वाढलं. पुढचे नऊ दिवस मी कुणाला सांगू नयेत असे होते. आयसीयू, तीनदा डायलिसिस, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. सहाव्या दिवशी आबांनी मला ओळखलं नाही. दहाव्या दिवशी पिशवीत आपसूक आलेली पिवळी लघवी दिसली आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून रडलो. आईनं काही न विचारता पदरातली अंगाऱ्याची गाठ सोडली. या वेळी कपाळ मी पुढे केलं, आबांच्या आधी माझं.

मावशींना शोधत गेलो तर त्या तळमजल्यावर. वरच्या वॉर्डातली बाई आली नव्हती म्हणून तेवढे तीन दिवस त्यांना वर पाठवलं होतं, एरवी वर त्यांची पाळीच नसते. मी पायाशी वाकलो तर ओरडल्या, "आवो, लादी ओली हाय, पडाल! आन् मी पिशव्या ओतते, द्येव न्हाई." ते खरंच आहे. पण तेच तीन दिवस, तोच वॉर्ड, आणि गोळी मुठीत असतानाच त्यांचं येणं, हे मी कुठल्याही तक्त्यात बसवू शकलेलो नाही.

आबा घरी आले. आता ओसरीच्या पलीकडे जात नाहीत, दम लागतो. किडनी पूर्वीसारखी होणार नाही असं सांगितलंय. एके दुपारी आई शेजारी गेली होती, तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले. "त्या डाक्टरीणबाईनं पयल्याच दिशी, मी जरा शुद्धीवर आलो तवा, सांगितलं व्हतं, ती गोळी आता बंद म्हून."

"मग घेतली कशाला आबा?"

"तू दिलीस ना." मग म्हणाले, "म्हटलं, पोरगं शिकलंय. त्याला बाईपरीस जास्ती ठावं असंल."

शरण जाणं म्हणजे काय ते लोक पुष्कळ सांगतात. मी ते आबांच्या त्या दोन घोटांत पाहिलं, आणि शरण गेले ते माझ्याकडे. एवढा भरवसा ज्याच्यावर टाकावा तो मी नव्हतो. त्या जागी बसायची माझी लायकी नसताना मी बसलो होतो, आणि कुणीतरी मला दंडाला धरून उठवलं. माझा बाप माझ्या हातून मरता मरता राहिला. कृपा म्हणायची तर मी हिलाच म्हणतो.

हल्ली रविवारी भैरवनाथाच्या देवळात जातो तेव्हा काही मागत नाही. समोर उभा राहतो आणि म्हणतो, देवा, मला माहीत नाही. एवढं म्हणायला शिकायला मला पदवी घेतल्यावर अकरा वर्षं लागली.