रक्ताचं दही

दह्याचा वाडगा पुढे आला की आमची ही हसते आणि मी मान खाली घालतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही विचारत नाही, ही तुमची सभ्यता. पण तिने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगून टाकतो. चहा घ्या तोवर. असा गाढवपणा अख्ख्या जळगावात दुसऱ्या कुणी केला नसेल!

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. बिहारात रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून मी नुकताच घरी परतलो होतो. सोबत काय आणलं? ताप. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा आणि चेहरा काळवंडलेला. त्यात लग्न ठरत आलेलं! पाचोऱ्याच्या नानांची मुलगी. एकदाच पाहिली होती, पण तेवढ्यानेच माझी झोप उडाली होती.

नाना कपाशीचे मोठे शेतकरी. त्यांनी माझ्या पोटाकडे नीट पाहून घेतलं आणि सांगितलं, आधी जळगावच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, मग कुंकू लावू. झालं! मला घरात बसवेना की बाहेर करमेना.

शेवटी डॉक्टरांच्या कंपाउंडरलाच गाठलं. तो म्हणाला, हातातून रक्त काढतात, ते थिजलं की वर पिवळं पाणी सुटतं. ते काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकतात आणि घट्ट होतं का ते बघतात. एवढं ऐकून मी निघालोच. घट्ट झालं तर चांगलं की वाईट, हे विचारायला नको? पण मला सांगा, आमच्याकडे कुणाला ही शंका येईल? दूध घट्ट ते चांगलं, वरण घट्ट ते चांगलं, आणि अशक्त माणूस दिसला की लोक म्हणणार, याचं रक्त पातळ झालंय.

माझी थोरली बहीण, अक्का, तर दही असं लावायची की मडकं उलटं केलं तरी हलत नसे. तिने माझ्याकडे पाहून निकाल दिला, “भाऊ, तुनं रगत पातळ व्हयी गयं. पहिले ते घट कर.” आणि तूप, खजूर, उडदाची डाळ, असा मारा सुरू केला. रक्ताचं माहीत नाही, पोट मात्र आणखी वाढलं.

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी नळीत थेंब टाकला, नळी स्टँडला लावली आणि ते आतल्या खोलीत दुसरा रोगी बघायला गेले. नाना बाहेर ओट्यावर. नळीपाशी मी एकटा.

पाणी आपलं पातळच! मी बसलो, उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. नळी हलवून पाहिली. पातळच. आता पाचोऱ्याची पोरगी गेली हातची! तेवढ्यात आठवलं, थंडीत विरजण लागेना की अक्का भांड्याला कपडा गुंडाळते. मी डोक्यावरची टोपी काढली, नळीवर घातली आणि दोन्ही हातांनी तिला ऊब देत बसलो.

थोड्या वेळाने टोपी उचलली, तर काय सांगू! पांढरंशुभ्र, घट्ट. नळी उलटी केली, थेंब पडेना. मी तसाच उलटी नळी घेऊन ओट्यावर धावलो आणि ती नानांच्या नव्या पागोट्यावर धरली.

“नाना, बघा. थेंब पडत नाही.”

नानांनी मान वर करून पाहिलं. “रगत शे का दही?” ते म्हणाले, आणि खूश होऊन समोरच्या हलवायाकडून पेढे घेऊन आले. बाकावरच्या रोग्यांनासुद्धा वाटले, जावयाच्या रक्ताचं कौतुक सांगत. जावई! मी तर तरंगतच होतो.

डॉक्टर बाहेर आले. मी एका हाताने त्यांना पेढा दिला आणि दुसऱ्या हाताने उलटी नळी त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी पेढा खाल्ला नाही.

“हा काळा आजार आहे,” ते म्हणाले. “तुमचं रक्त कधीपासून त्याच्याशी झुंजतंय. झुंजायला लागणारा माल त्यात इतका साठलाय की औषध पडताच ते घट्ट होतं. निरोगी माणसाचं पातळच राहतं.”

नानांनी तोंडाजवळ नेलेला पेढा परत पुड्यात ठेवला.

“मंग हाऊ पेढा कसाना?”

हा पेढा कशाचा? माझ्या तेराव्याचा! या आजाराने गेलेली माणसं मी बिहारात पाहिली होती. लग्न गेलं आणि आता बहुतेक आपणही, असं वाटून मला तिथेच रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, सुया घ्या, बरे व्हाल. नाना उठता उठता म्हणाले, “पोर दिसू. पन पहिले रगत पातळ करी ये.”

मुलगी देणार म्हणाले! घेतल्या मग सुया! ताप गेला, पोट उतरलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच नळी, तोच थेंब. या वेळी डॉक्टरांनी मला टोपीसकट लांब बसवलं. नळी नानांनी हातात घेतली. बघताहेत, बघताहेत. शेवटी त्यांनाच राहवेना. खात्री करायला त्यांनी नळी उलटी केली आणि सगळं पाणी त्यांच्या धोतरावर! नानांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली, तेव्हा कुठे ते ओलं धोतर सावरत हलवायाकडे गेले.

लग्न झालं. पण अजूनही घरात दही लागलं नाही की ही ते भांडं चारचौघांत माझ्यापुढे आणते आणि म्हणते, “दहीनी तब्येत झकास शे. पेढा लई या.”

मी उठतो, पेढे आणायला बाहेर जायचं म्हणून टोपी शोधतो, तर ती हिने तोवर दह्याच्या भांड्यावर घातलेली असते.