सुमय्याच्या बसची मावशी

वाघोलीच्या तुळजाबाईंचा हात आधी चालायचा आणि तोंड त्याच्या जोडीनं. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला त्यांनी एकदा लाटण्यानं असा सडकला, की तो पुन्हा पिऊन घरी आला नाही. शाळेच्या बसवर मावशी म्हणून लागल्या, तर ड्रायव्हर राकेश आठवड्यात सुतासारखा सरळ! अशा बाईच्या हाती सुमय्या सोपवावी, म्हणजे कमालच.

नऊ वर्षांच्या सुमय्याच्या हृदयाचा आजार हजारोंत एखाद्याच मुलाला होणारा. एरवी पोर ठणठणीत. पण धावली, चिडली, घाबरली की ठोके भरकटायचे आणि ती कोसळायची. दोन वर्षं सगळे त्याला फिटच समजत होते. निदान झाल्यावर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. तिची आई मेहजबीन तुळजाबाईंना दवाखान्यात घेऊन गेली आणि ठोके थांबलेच तर काय करायचं म्हणून बाहुलीच्या छातीवर दाब द्यायला शिकवून आणलं. "मावशी, बसमध्ये आरडाओरडा तेवढा नको," ती म्हणाली. तुळजाबाईंनी चार महिने जिभेला आवर घातला.

पण त्या मंगळवारी नगर रोडच्या कोंडीत एका मोटारसायकलवाल्यानं बसचा आरसा उडवला आणि वर राकेशलाच आईवरून शिवी दिली. तुळजाबाईंना राहवलं नाही. खिडकीतून त्यांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या सिग्नलला तो मित्राला घेऊन परत आला, हातात क्रिकेटचा स्टंप. पहिल्या फटक्यात पुढची काच गेली, दुसऱ्यात राकेशचं मनगट. मुलं किंचाळली. सुमय्या नुसतीच सीटवरून घसरली. तिचे ओठ निळे पडले होते.

बसमध्ये आडवं करायला जागा नव्हती. तुळजाबाईंनी तिला उचललं, दारातल्या स्टंपवाल्याच्या पोटात लाथ घातली आणि पोरीला डांबरावर निजवलं. "राक्या, अँब्युलन्स बोलव!" मग दोन्ही तळवे छातीवर. एक, दोन, तीन. बरगडी मोडली ते हातांना कळलं, तरी त्या थांबल्या नाहीत.

जमलेल्या गर्दीला दिसलं ते एवढंच, की एक बाई लहान पोरीला रस्त्यात बडवतेय. कुणी केस धरून ओढलं, कुणी पाठीत लाथ हाणली. एकानं सुमय्याच्या नाकाशी चप्पल धरली. "फिट आलीये, हुंगू द्या!" तुळजाबाईंनी त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. "मागं व्हा! काळीज बंद पडलंय तिचं!" तोंडात रक्त, डोळ्यांत पाणी आणि मनात एकच, हे माझ्या तोंडामुळं झालं. सुमय्यानं डोळे उघडले, तरी त्यांचे आणखी दोन-तीन दाब पडलेच.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी औषध वाढवलं. भीतीचा हुकूम हृदयापर्यंत नेणाऱ्या नसा ऑपरेशन करून कापायचं ठरलं. तुळजाबाई फाटक्या पोलक्यावर पदर ओढून वॉर्डाबाहेर उभ्या होत्या.

मेहजबीन बाहेर आली. "शिवी मीच दिली हुती, बाई," तुळजाबाई म्हणाल्या.

"राकेशनं सांगितलं." मेहजबीननं त्यांचा सुजलेला हात धरला. "मावशी, आत नका येऊ. तुम्ही तिला मारत होता, एवढंच तिला आठवतंय. तुमचं नाव काढलं तरी मशीनवरचे ठोके वाढतात."

तुळजाबाई दोन पावलं मागं सरकल्या, दाराच्या काचेतून सुमय्याला दिसणार नाहीत अशा बेतानं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला भ्यायला का होईना, पोरगी हाय की."