बोटभर कागद

गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणायचे. तीस वर्षं फ्रेमा करून त्याची नजर अशी तयार झाली होती, की कुणाच्या घरचं कॅलेंडर जरा कललेलं दिसलं तरी ते नीट केल्याशिवाय तो खुर्चीवर टेकत नसे. बायको म्हणायची, "उशीसुद्धा गुण्या लावून ठेवतो हा बाबा!"

असल्या माणसाचं माप चुकलं.

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी जुनं चित्र आणलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, एकोणिसाव्या शतकातलं. निवांत रस्ता, मिटलेली दारं, पायरीवर झोपलेलं मांजर. लग्नानंतर बाई त्याच रस्त्यावर राहिल्या होत्या. चित्राखालच्या कोऱ्या जागेत त्यांच्या गेलेल्या नवऱ्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'डावीकडून तिसरी खिडकी आपली.'

फ्रेम बोटभर आखूड झाली. डिंक वाळलेला, बाई तासाभरात येणार. 'काटकोन चुकला' हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्यानं ती ओळ वाचली, तिच्या वर पट्टी धरली आणि कागद कापला.

"खालचं अक्षर कुठं गेलं हो?" बाईंनी विचारलं.

"कसर लागली होती, बाई, कागद खात चालली होती. तेवढं कापलं म्हणून बाकीचं वाचलं."

बाईंचे डोळे भरून आले. "तुमच्या हाती पडलं म्हणून, नाहीतर सगळंच गेलं असतं."

ही गोष्ट बाईंनी भेटेल त्याला सांगितली. नवी माणसं दारात यायला लागली. "कसरीतून चित्र वाचवणारे तुम्हीच ना?" काटकोन मान खाली घालून उगीच खिळे निवडत बसायचा.

बायको म्हणाली, "गिऱ्हाईक वाढलं की तोंड पाडतात होय?"

दोन महिन्यांनी बाई लग्नाचा फोटो घेऊन आल्या. "ह्याला कसर लागायच्या आत तुमच्याकडे आणला. दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर होत नाही."

काटकोनानं ड्रॉवर उघडला. पॉलिशपेपरखाली दडवलेली, कापलेल्या कागदाची पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"कसर नव्हती, बाई. माझं माप चुकलं होतं."

बाईंनी चष्मा लावून ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"सांगितलं असतंत तर आठ दिवस थांबले असते की मी."

एवढंच. कागद पर्समध्ये घातला, फोटो काखोटीला मारला आणि त्या गेल्या.

संध्याकाळी कुणीतरी डोकावून विचारलं, "कसरीतून चित्र वाचवणारे तुम्हीच ना?"

"वाचवलं नाही, कापलं," काटकोन म्हणाला, आणि वर न बघता पहिल्यापासून सांगू लागला.